जळाले, वारले आणि दंगल : मराठवाड्याच्या काही शब्दांविषयी

१

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त, आमच्या महाविद्यालयात निबंधस्पर्धा होते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो, तेव्हा निबंध तपासण्याचे काम माझ्याकडेच येते. हे निबंध बहुधा एकाच साच्यातून निघालेले असतात. निजामाची जुलमी राजवट, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, सरदार पटेलांची खंबीर कारवाई आणि शेवटी स्वातंत्र्याची पहाट. यातले काही खोटे आहे असे मी म्हणत नाही. मुलांनी पाठ केलेले लिहिले म्हणून त्यांना दोषही देत नाही. त्यांना आपण दिले तेच ती परत देतात.

दोन वर्षांपूर्वी बी. ए.च्या पहिल्या वर्षातील एका मुसलमान विद्यार्थिनीच्या निबंधात, या साच्याच्या मधोमध, एक वेगळे वाक्य आले. 'पोलीस ॲक्शनमध्ये लातूरला माझ्या आजीचे वडील वारले.' पुढच्या ओळीपासून निबंध पुन्हा साच्यात गेला होता. मी लाल पेनने 'वारले'खाली रेघ ओढली आणि वर लिहिले, 'मारले गेले?' शिक्षकाची ती सवय असते. शब्द चुकला की रेघ ओढायची.

त्या रात्री मला आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतला एक कागद आठवला. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले. ऑगस्ट १९७८ मध्ये आमच्या वस्तीतील घरे पेटवली गेली, त्या वेळच्या पंचनाम्याची ती नक्कल. वडिलांनी ती जपून ठेवली आहे. त्यात आमच्या घराविषयी एकच ओळ आहे : 'दंगलीत घर जळाले.' माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. जाळणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची नावे त्यांना ठाऊक होती, कारण त्यांच्याच शेतावर ते रोजाने जात. परंतु 'जळाले' या क्रियापदाला जाळणारा लागत नाही. व्याकरणाने पाहिले तर त्या वाक्यात कर्ता घरच आहे. घराने आपण होऊन जळून घेतले, असा त्याचा अर्थ होतो.

'वारले' आणि 'जळाले'. एक शब्द १९४८ चा, दुसरा १९७८ चा. एक मुसलमानाच्या घरातला, दुसरा बौद्धाच्या घरातला. पहिला भीतीने उच्चारलेला, दुसरा सरकारी लेखणीने लिहिलेला. दोहोंचे काम मात्र एकच, करणाऱ्याला वाक्यातून बाहेर काढणे. आपण धर्मनिरपेक्ष लोकशाहीविषयी एवढे बोलतो, एवढी चर्चासत्रे घेतो. पण ज्या भाषेत बोलतो ती भाषा कोणाची बाजू घेते हे तपासत नाही. ती तपासणी या लेखात मी करू पाहतो आहे.

२

पहिला शब्द घेऊ 'जातीय'.

मराठी वर्तमानपत्रात हिंदू-मुसलमानांच्या मारामारीची बातमी 'जातीय दंगल' या मथळ्याखाली येत आली आहे. गणेशोत्सव आणि ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते आणि 'जातीय सलोखा' राखण्याचे आवाहन होते. हिंदीत याच अर्थाने 'सांप्रदायिक' म्हणतात. मराठीने मात्र धर्माच्या भांडणाला जातीचे नाव दिले. असे का व्हावे?

इतिहासात थोडे मागे जावे लागते. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जो निवाडा जाहीर केला, त्याला मराठीत 'जातीय निवाडा' म्हणतात. त्यात मुसलमान, शीख, ख्रिस्ती यांच्याप्रमाणे अस्पृश्यांनाही स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. म्हणजे त्या वेळी 'जातीय' या शब्दाच्या पोटात आपणही होतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि आपण हिंदूंच्या खात्यावर जमा झालो. शब्द मात्र तसाच राहिला, आणि व्यवहारात तो हिंदू-मुसलमान या जोडीलाच चिकटला असे मला दिसते. मूळ जात या वस्तूशी त्याचे नाते उरले नाही.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. गावात महारवाड्यावर, मांगवाड्यावर बहिष्कार पडतो, विहीर बंद होते, दळण बंद होते, रोजगार बंद होतो, तेव्हा ते 'जातीय' ठरत नाही. तो 'गावातला वाद' ठरतो. त्यासाठी शांतता समिती बसत नाही. जातीचा शब्द धर्माच्या भांडणाला देऊन टाकल्यामुळे, खुद्द जातीच्या हिंसेला प्रस्थापित मराठीत नावच उरले नाही. आपल्या चळवळीला 'अत्याचार' हा शब्द पुढे आणावा लागला तो याच कारणाने. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने त्याला कायद्याची जागा दिली.

आणि यातूनच धर्मनिरपेक्षतेचा अर्थही आक्रसला. दोन धर्म एकमेकांशी न भांडता राहिले की देश धर्मनिरपेक्ष राहिला, असा आपल्याकडील पांढरपेशा विचारवंतांचा समज आहे. बाबासाहेबांची राज्यघटना एवढ्यावर थांबत नाही. १५वे कलम विहिरी, तळी, घाट, रस्ते यांची नावे घेऊन बोलते. १७वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. २५वे कलम धर्मस्वातंत्र्य देते आणि त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला देते. धर्मा-धर्मांमधील शांततेइतकीच धर्माच्या आतील माणसाची मुक्तता ही घटनेची चिंता आहे. पण १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घातला गेला, आणि अवघ्या दोन वर्षांनी मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा त्या नव्या शब्दाला धक्का बसला असे आमच्या विचारवंतांना वाटले नाही. मशीद पडली तर धर्मनिरपेक्षता धोक्यात येते. बुद्धविहार जळाले तर कायदा व सुव्यवस्था बिघडते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात एक गोष्ट फार आधी सांगून ठेवली होती. हिंदूंच्या जातींना आपण एकमेकांचे कोणी आहोत याची जाणीव एरवी नसते. ती हिंदू-मुसलमान दंगलीच्या वेळी तेवढी होते, असे त्यांचे निरीक्षण होते. हे निरीक्षण मराठवाड्याच्या गावाला लावून पाहावे. एरवी गावकुसाबाहेर असणारा माणूस दंगलीच्या दिवशी 'आपला' होतो. त्याला हाक मारली जाते, काठी दिली जाते. दंगल सरली की काठी परत घेतली जाते आणि तो पुन्हा गावकुसाबाहेर जातो.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मराठवाड्याच्या गावातला मुसलमान हा केवळ एका धर्माचा माणूस नव्हता. मुलाणी हा बलुतेदार होता. तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान हे आपापला धंदा करून गावात राहणारे लोक होते. खळ्यावर मुलाण्याला मिळणारे आणि महाराला मिळणारे बलुते एकाच व्यवस्थेतून येत होते. नवाब आणि जहागीरदार वरती हैदराबादला होते. गावातला मुसलमान आपल्याच शेजारी, त्याच उतरंडीत होता. धर्माचे भांडण म्हणून जे सांगितले जाते, त्यात गावाच्या या उतरंडीचा वाटा किती होता, हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधी विचारला आहे काय?

३

दुसरा शब्द 'दंगल'.

हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड. दोन मल्ल, दोघेही राजीखुशीने उतरलेले, दोघांच्या अंगाला तीच माती. मराठीत तोच शब्द हिंसाचाराला लावला जातो. तेव्हा 'दंगल' म्हटले की दोन बाजू आल्या, दोघांची चूक आली, आणि मध्ये उभे राहून दोघांनाही शांत राहण्याचा उपदेश करणारा शहाणा माणूस आला.

१९७८ च्या घटना साऱ्यांना माहीत आहेत, तरी नव्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्थापन झाले. त्याआधी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच शहरात महाविद्यालय काढले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. उच्च शिक्षणाची दारे या मागास प्रदेशाला ज्यांनी उघडून दिली त्यांचे नाव विद्यापीठाला द्यावे, ही मागणी पुढे आली. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत दलितांवर हल्ले झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. घरे जाळली, अन्नधान्य जाळले, लोकांना गाव सोडायला लावले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार करण्यात आले.

पोचिराम कांबळे मातंग होते. हे मुद्दाम सांगतो, कारण 'नवबौद्ध विरुद्ध हिंदू' असे या घटनेचे वर्णन करणाऱ्यांना त्यांचे मरण उत्तर देते. धर्मांतराचा राग हे एक कारण असेल. पण ज्याने धर्मांतर केले नव्हते, परंतु 'जयभीम' म्हणणे सोडले नाही, त्यालाही सोडण्यात आले नाही. गावाचा राग धर्मावर नव्हता. खाली बसलेला माणूस उठून उभा राहिला याचा तो राग होता.

यात दोन बाजू कुठे होत्या? कोणते सवर्ण घर जळाले? कोणती सवर्ण वस्ती रातोरात गाव सोडून रेल्वे स्टेशनावर येऊन बसली? तरीही शब्द 'दंगल' हाच राहिला. मुंबईच्या अत्याचार विरोधी समितीने अत्यंत तळमळीने केलेला अहवाल १९७९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. समितीच्या नावात 'अत्याचार' होता, पण अहवालाच्या मथळ्यात मात्र 'मराठवाडा रायट्स' असेच आले. आपल्या मित्रांच्या तोंडीही शत्रूचा शब्द कसा बसतो, याचे हे उदाहरण आहे. मी स्वतः कितीतरी वर्षे 'नामांतराची दंगल' असेच म्हणत आलो. माझे वडीलही तसेच म्हणतात.

नामांतराला विरोध करणाऱ्यांमध्ये मुक्तिसंग्रामातील आदरणीय माणसे होती. गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव ही त्यांतली दोन नावे. त्यांनी निजामाशी झुंज दिली, हे ऋण नाकारण्याइतके आपण कृतघ्न नाही. आपला बाबासाहेबांना विरोध नाही, मराठवाड्याच्या अस्मितेचा हा प्रश्न आहे, अशी विरोधकांची मांडणी होती. ही मांडणी प्रामाणिक मानून चालू. मग प्रश्न असा, की मराठवाड्याच्या या अस्मितेत मराठवाड्याचा पूर्वास्पृश्य होता की नव्हता? असेल तर त्याच्या महापुरुषाच्या नावाने ती कशी दुखावली? नसेल तर ती मराठवाड्याची अस्मिता कशी?

या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे मिळाले आहे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. दोन जिल्ह्यांची नावे बदलली. न्यायालयात अर्ज झाले, मोर्चे निघाले; पण कोणाच्या अस्मितेने दलित वस्त्या, मुसलमान वस्त्या गावोगाव पेटवल्या नाहीत, आणि ते चांगलेच झाले. एका विद्यापीठाच्या नावासाठी मात्र सोळा वर्षे लागली. नागपूरहून लाँग मार्च निघाला, हजारो लोक तुरुंगात गेले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कोठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नामांतर झाले नाही, नामविस्तार झाला. बाबासाहेबांच्या नावाला 'मराठवाडा' जोडून ठेवावाच लागला.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. जवळचे विद्यापीठ झाले, गरीब पोरांची सोय झाली, यात शंका नाही. माझ्यासारखा मजुराचा मुलगा एम. ए. झाला तो त्या सोयीमुळेच. परंतु ज्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचे रक्त सांडले, ज्या नांदेड शहरात गौतम वाघमारे जळाले, तेथील पोरांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नऊ महिनेही पुरते राहिले नाही. माझी पदवी पाहून वडील म्हणाले, 'चांगलं झालं बाबा, पर नाव कुठाय?' मी त्यांना नकाशा काढून दोन विद्यापीठांच्या हद्दी समजावून सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

(वरच्या परिच्छेदात मीही 'जळाले' असे लिहिले आहे. ते तसेच ठेवतो. या एकाच ठिकाणी ते क्रियापद खरे असावे, असे प्रथम वाटते. पण तेथेही नाही.)

४

तिसरा शब्द 'मुक्ती'. येथे मला स्वतःच्या घराविषयी बोलावे लागणार आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले. त्याआधी रझाकारांनी मराठवाड्याच्या गावांवर केलेले अत्याचार खरे आहेत. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. त्याच्या संघटनेने लुटलेली, जाळलेली गावे आजही जुन्या माणसांना आठवतात. त्या दहशतीत कोणाला 'मुक्ती' झाल्यासारखे वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे.

परंतु १७ सप्टेंबरनंतर काय झाले? पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांचे मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरले. त्यांचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आता तो दिल्लीत अभ्यासकांना पाहता येतो. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर शहरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तेथील सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक मंडळाला सापडले. हजारावर मारले गेले होते, उरलेले पळून गेले होते. प्रेतांनी भरलेल्या विहिरीही त्यांनी पाहिल्या. काही ठिकाणी शिपायांनीच लोकांना लुटीला प्रवृत्त केले असे त्यांनी नोंदवले आहे. त्याचबरोबर सैनिकांनी आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांचे प्राण वाचवल्याच्या घटनाही नोंदवल्या आहेत. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यापायी काहींचे जीव गेले, ही त्यांतली एक नोंद. धर्म वेगळा, पण माग एकच, हे त्यांना कळले होते.

आता आपला प्रश्न. या काळात आपला माणूस कोठे होता?

बी. एस. वेंकटराव हे निजामाच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. संस्थानातील अस्पृश्यांचा एक गट इत्तेहादच्या बाजूने गेला होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच स्पष्ट बजावले होते, की हिंदूंचा राग आहे म्हणून निजामाची वा लीगची कास धरू नका. ही भूमिका योग्यच होती; सरंजामदाराच्या सिंहासनाखाली आपली मान देण्याचे कारण नव्हते. परंतु आज काही मंडळी याच निवेदनाचा आधार घेऊन, मुसलमान हा आपला कायमचा शत्रू असे आपल्या तरुणांना शिकवतात. निजामाला साथ देऊ नका, हे बाबासाहेबांनी सांगितले. शेजाऱ्याचे घर लुटा, असे त्यांनी कोठे सांगितले?

आमच्या गावात मुलाण्याची तीन घरे होती. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि ते पोलीस ॲक्शनचे साल होते. ती वयाचा हिशेब त्याच सालावरून करी. मी बी. ए.ला असताना एकदा तिला खोदून विचारले. तिने सांगितले ते असे : 'गावानं लुटलं, लेकरा. ज्याच्या अंगात बळ, त्यानं बैल नेले, रान धरलं. आमच्या वाट्याला एक तांब्याचा हंडा आला. माझ्या सासऱ्यानं आणला. नको म्हनायचं तर कुनाला म्हनायचं?' मुलाण्याचे काय झाले, असे विचारल्यावर ती म्हणाली, 'गेले.' कोठे गेले, ते तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, की त्या विहिरीचे पाणी पुढे कितीतरी दिवस गावाने प्यायले नाही. त्या विहिरीचे पाणी आम्हाला आधीपासूनच बंद होते.

'गेले.' हे आमच्या घरातले क्रियापद. 'वारले' आणि 'जळाले' यांच्या शेजारी मी ते आता लिहून ठेवतो. तो हंडा १९७२ च्या दुष्काळात मोडीत घातला. त्या पैशांची ज्वारी आली आणि माझे वडील ती खाऊन जगले.

लुटीतही उतरंड होती, हे खरे. जमीन वरच्यांकडे गेली, आम्हाला हंडा आला. पण या युक्तिवादाने मी स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही. ज्यांनी १९७८ साली आमची घरे जाळली, त्यांच्यातले गरीबही असेच म्हणू शकतील, की आमच्या वाट्याला काय आले? आपल्याला इतरांकडून जो जाब हवा आहे, तो आपणही दिला पाहिजे.

५

दलित साहित्याने १९७८ लिहिले. कवितेत लिहिले, आत्मकथनांत लिहिले, लोकशाहिरांनी गावोगाव गायले. ते नसते तर पोचिराम कांबळे हे नाव सरकारी कागदावर 'मयत इसम' एवढेच राहिले असते. भीष्म सहानींनी 'तमस' लिहून पंजाबची फाळणी हिंदी वाचकाच्या डोळ्यांपुढे आणली. मराठवाड्याच्या १९४८ चा 'तमस' माझ्या वाचनात नाही. मुक्तिसंग्रामावरचे लेखन उदंड आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले आणि मुसलमान लेखक आपल्या मराठीत आपले जगणे उघडपणे मांडू लागले, लातूरच्या फ. म. शहाजिंदे यांच्यासारख्या कवीने या प्रवाहाला बळ दिले. परंतु त्या पिढीवरही 'वारले' या क्रियापदाचे दडपण असावे. जिवंत राहायचे तर मारले म्हणायचे नाही, हे त्यांना घरातच शिकवले गेले असेल. आपण हे दडपण ओळखतो. आपल्याही बापजाद्यांनी 'मालक' म्हणतच दिवस काढले.

म्हणून माझे म्हणणे असे, की १९४८ विषयी लिहिण्याची पहिली जबाबदारी आपल्यावर येते. ज्या समाजाला 'दंगल' या शब्दातले कपट अंगावर झेलून कळले आहे, त्याने दुसऱ्याच्या घरावरचा हल्ला योग्य शब्दाने सांगितला पाहिजे. यात मुसलमान समाजाची खुशामत नाही. त्यांच्यातील उच्च-नीचता, पडदा, धर्मगुरूंची सत्ता यांवर बाबासाहेबांनी १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात कठोर लिहिले आहे आणि ते लेखन आपण लपवण्याचे कारण नाही. मैत्री बरोबरीच्यांत होते. बरोबरीच्यांतच खरे बोलता येते.

बाबासाहेबांनी १९४५ च्या मुंबईच्या भाषणात राजकीय बहुमत आणि जन्माने मिळालेले बहुमत यांत फरक केला होता. पहिले मतांनी घडते आणि मोडते. दुसरे कधी मोडत नाही, म्हणून ते धोक्याचे. कोणत्याही एका जमातीच्या हातात निर्भेळ सत्ता जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. विविध धर्मांच्या, जातींच्या देशातील लोकशाहीचा हा गाभा आहे. नांदेडचेच पाहा. गोदावरीच्या काठी सचखंड गुरुद्वारा आहे, दर्गे आहेत, विहारे आहेत, मराठीबरोबर तेलुगू, उर्दू, दखनी, पंजाबी कानांवर पडते. हे वैविध्य पर्यटनाच्या पत्रकात शोभते. पण १ जून २०२३ रोजी याच शहराला लागून असलेल्या बोंढार हवेली गावात चोवीस वर्षांच्या एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. शहरात सर्व धर्म एकत्र नांदतात आणि वेशीबाहेर मिरवणुकीचा रस्ता कोणाचा हे जात ठरवते. अशा वेळी वैविध्य या शब्दाला काय किंमत द्यायची?

आज मराठवाड्यात आणखी एक फाट पडते आहे. आरक्षणाच्या प्रश्नावर मराठा आणि ओबीसी ही गावे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत. कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. १७ सप्टेंबरला ज्या निजामाला आपण शिव्या घालतो, त्याचेच दप्तर आता सर्वांना साक्षीला हवे आहे. मागणीच्या खरे-खोटेपणात मी येथे जात नाही. एवढेच म्हणतो, की दप्तर उघडायचेच असेल तर पूर्ण उघडावे. १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची पानेही वाचावीत. १९७८ च्या ऑगस्टचे पंचनामेही वाचावेत. आणि उद्या या नव्या फाटीतून एखादे गाव पेटले, तर पहिल्याच दिवशी आपण वृत्तपत्राला, तलाठ्याला, पोलिसाला विचारावे : जळाले की जाळले? कोणी?

त्या विद्यार्थिनीला निबंध परत देताना मी तिला बाजूला बोलावले आणि 'वारले'वरच्या माझ्या खुणेविषयी विचारले. ती म्हणाली, 'सर, आमच्याकडं असंच म्हणतात. आजी असंच म्हणते.' मी लाल रेघ खोडली आणि तिचा शब्द तिला तसाच राहू दिला. तो शब्द बदलण्याचा अधिकार तिच्या आजीचा आहे, मराठीच्या मास्तराचा नाही. पण माझ्या आजीचा 'गेले' हा शब्द बदलणे माझ्या हातात आहे. ते तीन घरांतले लोक गेले नव्हते. त्यांना आमच्या गावाने घालवले, आणि त्यांतल्या काहींना मारले. आमच्या घरानेही त्यांचा एक हंडा आणला.